कमी चाललेली पद्मिनी की चांगली राखलेली?

'फक्त ३२,००० किलोमीटर' अशी जाहिरात दिसली की गाडी चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. पाच-सात वर्षांच्या सेकंडहँड गाडीला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. चाळिशीतल्या प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही.

एक तर आकडाच बेभरवशाचा. त्या काळच्या अनेक मीटरना पाचच घरं. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. मीटरची केबल तुटली की गाडी पळते आणि आकडा जागच्या जागी. मालकाकडे सर्व्हिसची जुनी बिलं नसतील आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल, तर ते ३२,००० मी १,३२,००० समजतो.

बरं, आकडा खरा निघाला तरी? चाळीस वर्षांत ३२,००० म्हणजे वर्षाला सरासरी ८०० किलोमीटर. गाडी बहुतेक काळ उभीच होती. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. पेट्रोल आटून कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, ऑइल सील सुकतात, टायर नक्षी शाबूत असूनही भेगाळतात. त्यात गाडी मुंबई-कोकणच्या पावसात राहिलेली असेल तर आधी खाली वाकून तळाचा पत्रा बघा. सडलेला पत्रा नीट करून घेणं हे भल्याभल्यांचं बजेट कोलमडवणारं काम आहे.

भरपूर चाललेल्या गाडीचं दुखणं वेगळं. पिस्टन रिंगा, क्लच, सस्पेन्शनचे बुश. पण ही झीज ओळखीची, १०८९ सीसीचं ते साधं इंजिन उघडणारे मिस्त्री अजून आहेत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी याच जोरावर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्वो पी-१८०० तीस लाख मैलांपलीकडे नेली, ती वेळच्या वेळी देखभाल करूनच.

म्हणून कमी किलोमीटरला किंमतच नाही असं नव्हे. मूळ रंग, मूळ सीटकव्हर आणि सगळे कागद सोबत असतील तर संग्राहक त्या आकड्याचे जास्त पैसे मोजतो. फक्त, अशी गाडी रोज चालवली की ते जादा पैसे झिजत जातात. रविवारी घाटात फिरायची हौस असेल तर चाललेली, पण बिलांची फाइल असलेली गाडी घ्यावी. आणि घेतल्यावर ती महिना-महिना झाकून ठेवू नये.