भरतपूर आणि ‘महाराष्ट्राचं भरतपूर’: बांध तिथे, बंधारा इथे

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावर एकदा पुण्याहून आलेलं एक कुटुंब भेटलं. दुर्बीण नवी, उत्साह त्याहून नवा. थोडा वेळ पाण्याकडे बघून त्यातल्या काकांनी मला विचारलं, “दादा, याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ना? आम्ही भरतपूरला जाऊन आलोय. तिथे बांधावरून थेट पाण्याच्या मधोमध जाता येतं. इथे ते बांध कुठायत?”

प्रश्न भाबडा वाटला तरी मुद्द्याचा होता. नांदूरमध्यमेश्वरला हे टोपणनाव डॉ. सालिम अलींनी दिलं असं सगळीकडे सांगितलं जातं. पक्ष्यांपुरतं ते शोभतंही. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी ही मंडळी दोन्हीकडे हजर असतात. दोन्ही पाणथळी माणसाने घडवलेल्या आणि दोन्ही रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहेत. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव 1981 साली त्या यादीत गेलं. नांदूरमध्यमेश्वरची नोंद 2019 ची, आणि महाराष्ट्रातली ती पहिली. पण पाणी अडवण्याची रीत आणि अडवण्यामागचा हेतू बघितला, तर दोघांचं फारसं जुळत नाही. म्हणूनच ‘भरतपूरला करतात तसं इथेही करा’ ही सूचना ऐकायला बरी वाटते आणि बहुतेक वेळा चुकीची असते.

आधी शब्द नीट लावून घेऊ. बंधारा नदीला आडवा असतो. वाहतं पाणी अडवायचं, पातळी चढवायची आणि बाजूच्या कालव्यात वळवायचं, एवढं त्याचं काम. बांध नदीला आडवा असावाच लागत नाही. शेताचा बांध जसा वाफ्याला कडेने धरतो, तसा तो सपाट जमिनीवर पाणी कोंडून धरतो. नांदूरमध्यमेश्वरला बंधारा आहे. भरतपूरला आहे ते बांधांचं जाळं.

केवलादेवचं राष्ट्रीय उद्यान जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातला पाणथळ भाग साधारण एक तृतीयांश. मूळची ती नैसर्गिक खोलगट जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पाणी अडवायला अजान बांध घातला, तेव्हा ही जागा पावसाळ्यात भरू लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर दरबाराने आत बांध, पाट आणि दरवाजे घालून तिची नीट विभागणी केली. पक्ष्यांच्या प्रेमापोटी नव्हे, शिकारीसाठी. उद्यानातल्या केवलादेव मंदिराजवळच्या शिलालेखावर शिकारींचे आकडे कोरून ठेवलेत. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत 4,273 पक्षी पडले. आज जगभरातले लोक ज्या बांधावर सायकलरिक्षात बसून करकोचे बघतात, ती बांधणी मुळात बंदुकीच्या पल्ल्यात बदकं यावीत म्हणून झालेली. मला ही गोष्ट दर वेळी विचित्र वाटते, आणि दर वेळी त्या अभियंत्यांचं कौतुकही वाटतं.

कारण रचना खरोखर हुशारीची आहे. पाणी एका बाजूने आत येतं आणि एका खंडातून दुसऱ्यात दरवाज्यांमधून सोडलं जातं. या खंडांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. प्रत्येक खंडाची पातळी बऱ्याच अंशी स्वतंत्र ठेवता येते, आणि पाणपक्ष्यांसाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही बदकं बुडी मारत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावरचं गाळून किंवा शेपूट वर करून, मान पाण्यात घालून तळाचं खातात. मान पोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं, म्हणजे साधारण वीतभर. तुतवारांना चार बोटं पाणी किंवा नुसता ओला चिखल पुरतो. रंगीत करकोच्यांचा हिशेब तिसराच. ज्या बाभळीवर घरटं, तिच्या बुंध्याशी पिल्लं उडेपर्यंत पाणी हवं, नाहीतर कोल्हे आणि रानमांजरं खाली येऊन उभी राहतात. पावसाळ्यात तिथे मीटर-दोन मीटर पाणी असतं, ऑक्टोबरपासून ते हळूहळू उतरतं आणि फेब्रुवारीनंतर जमीन उघडी पडायला लागते. हे उतरणं ‘हळूहळू’ आणि ‘एकेका खंडात’ झालं, तर तीन महिने रोज कुठेतरी नवा चिखल उघडा पडतो आणि रोज कुणाचं तरी ताट वाढलं जातं.

आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढताना ज्याने पाहिलंय, त्याला हे पटकन कळेल. एकेक बर्गा काढला की पातळी तेवढीच उतरते. सगळे एकदम काढले तर खाली पूर आणि वर खडखडाट. मातीच्या बांधाला आणखी एक धोका असतो. पाणी भराभर उतरवलं तर बांधाच्या पोटातली ओल तशीच राहते, बाहेरून टेकू देणारं पाणी मात्र नाहीसं होतं, आणि ओलं अंग घसरून खाली बसतं. पातळी सावकाश उतरवण्यात पक्ष्यांचं जितकं हित आहे, तितकंच बांधाचं.

अशा बांधाची देखभाल म्हणजे बरीचशी चालत फिरून, खाली बघून करायची गोष्ट. कोरड्या अंगाला ओल दिसतेय का? दिसत असेल तर तिथून येणारं पाणी नितळ आहे की गढूळ? नितळ असेल तर तो नुसता पाझर आहे, लक्ष ठेवलं तरी चालतं. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे, आणि उद्यावर ढकलायला वेळ नाही. घुशीची आणि खेकड्यांची बिळं शोधून चिकणमातीने ठासून भरावी लागतात. वरून माती लोटून तोंड बुजवलं तर आत पोकळी तशीच राहते. माथा कुठे खचला तर तिथूनच पहिलं पाणी ओसंडतं आणि मग तिथेच खिंडार पडतं. हे सारं काम उन्हाळ्यात उरकायचं, कारण पाऊस लागल्यावर ओली माती दबत नाही.

पुस्तकी नियम सांगतो की बांधावर झाडं नकोत. झाड मेलं की मुळं कुजतात आणि मातीत आयत्या नळ्या तयार होतात. पण भरतपूरच्या बांधांवरची झाडी उतरवली तर सावलीही जाईल आणि निम्मी मजाही. इथे नियमाने थोडं मागे सरावं हेच योग्य, असं माझं मत. वेड्या बाभळीची गोष्ट वेगळी. ती उद्यानभर माजली होती आणि काढावीच लागली. ते काम आसपासच्या गावकऱ्यांनी केलं आणि लाकूड त्यांनीच नेलं.

गवताची गोष्ट याहून अवघड निघाली. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींची चराई बंद केली गेली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि त्यानंतर उघड्या पाण्यावर गवत इतकं माजलं की बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षं केलेल्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला, की म्हशी पाणथळीचं नुकसान करत नव्हत्या, उलट तण खाऊन फुकटात साफसफाई करत होत्या. ज्या कामाला पुढे माणसं आणि यंत्रं लागली, ते म्हैस चरता चरता करत होती.

आता भरतपूरची खरी दुखरी नस. दरवाजे आहेत, खंड आहेत, कोणत्या खंडात किती पाणी ठेवायचं हे कळणारे लोक आहेत, पाणीच नाही. उद्यानाची वर्षाची गरज सुमारे 550 दशलक्ष घनफूट. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झालं, वरच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला आणि 2004 च्या सुमारास अजान बांधाकडे येणारा ओघ आटला. काही वर्षं तर उद्यान जवळजवळ कोरडंच गेलं. मग चंबळचं पाणी नळातून आणलं आणि 2012 पर्यंत गोवर्धन नाल्यावरून पुराचं पाणी आणायची सोय झाली. पण नळाचं पाणी नदीच्या पाण्यासारखं नसतं. नदीबरोबर माशांची पिल्लं, अंडी, किडे असा सगळा शिधा येतो. नळातून नुसतं पाणी येतं. करकोच्याला तेवढ्यावर पोरं वाढवता येत नाहीत.

आता निफाडला, म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला येऊ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हा बंधारा बांधला तो सिंचनासाठी. इथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता पट्ट्यातला ऊस उभा केला. पुढे द्रुतगती कालवा वैजापूर, गंगापूरपर्यंत गेला. पक्ष्यांचा विचार त्या नकाशात कुठेच नव्हता. बंधाऱ्यामागे पाणी संथ झालं, पुराने गाळ आणून टाकला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळा उगवला, आणि मग पक्षी आले. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा ही पाणथळ बरीच आधीपासून आपली आपण तयार झालेली होती.

त्या काकांना द्यायला हवं होतं ते उत्तर इथे आहे. इथे खंड नाहीत, म्हणून खंडाखंडातली पातळीही नाही. पातळी सगळीकडे एकच, आणि ती ठरते कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीवर. रब्बीचं आवर्तन कधी सुटणार, उन्हाळ्यात किती मिळणार, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे हरभरा बोलतो, ऊस बोलतो, पिण्याचं पाणी बोलतं. थापट्या बोलत नाही. वरच्या अंगाच्या दारणा आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून पाणी सुटलं की इथली पातळी चढते, कालवे सुरू झाले की उतरते. मी एका जानेवारीत शनिवारी गेलो तेव्हा मनोऱ्यासमोर काठोकाठ पाणी होतं आणि वारकऱ्यांचा थवा आरामात पोहत होता. पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडलेला आणि त्यावर शेकडो लांब चोचींचे पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत होते. पक्ष्यांसाठी कुणीही काही केलं नव्हतं. फक्त पाटाला पाणी सुटलं होतं.

अधिकाराचीही वाटणी आहे. अभयारण्य वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडे, बंधारा आणि कालवे जलसंपदा विभागाकडे. भरतपूरला खंडांचे दरवाजे उद्यानाच्या हातात आहेत आणि पाणी दुसऱ्याच्या. इथे पाणी डोळ्यांसमोर असतं, पण दरवाजा दुसऱ्याच्या हातात.

आणि गाळ. इथे दोन्ही ठिकाणांची गणितं अगदी उलटी होतात. भरतपूरला पाटात गाळ साचला म्हणजे शेवटच्या खंडापर्यंत पाणी पोचत नाही, त्यामुळे तो काढणं म्हणजे सरळसरळ देखभाल. नांदूरमध्यमेश्वरला गाळ हाच अधिवास आहे. तो सगळा उपसला तर एक स्वच्छ, खोल जलाशय उरेल. खोल पाण्यात बुडी मारणारी थोडी बदकं राहतील, बाकीच्यांची जेवणाची सोय संपेल. पण वरच्या अंगाला सायखेडा आणि चांदोरीत राहणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. गोदेला मोठा पूर आला की ही गावं पाण्यात जातात. 2019 च्या ऑगस्टमधली छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. गाळाने बंधाऱ्यामागची पाणी मावण्याची जागा कमी झालीय, तो काढा, ही त्यांची मागणी हट्ट नाही. मला विचाराल तर सरसकट उपसा आणि अजिबात हात न लावणं, दोन्ही चूक. नदीच्या मुख्य धारेतला गाळ काढून पुराला वाट करून द्यावी आणि काठाच्या उथळ चिखलाला व बेटांना हात लावू नये, अशी आखणी करता येते. मात्र ती आखणी यंत्र पाण्यात उतरण्याआधी कागदावर व्हायला हवी, आणि त्या बैठकीला दोन्ही विभाग हवेत.

तणाबाबतही हाच घोळ होतो. भरतपूरचं गवत जागेवर वाढतं, ते चरून किंवा कापून आवरता येतं. नांदूरमध्यमेश्वरची मुख्य डोकेदुखी म्हणजे पाणवेल, अर्थात जलपर्णी. सांडपाण्यावर पोसलेली ही पाणवेल नदीबरोबर वाहत येते. बंधाऱ्याजवळ ती कितीही काढली तरी वरून पुन्हा येते. वर नाशिकमध्येच सांडपाणी नीट शुद्ध झालं, तर अभयारण्यातली निम्मी साफसफाई आपोआप होईल. म्हणजे इथल्या देखभालीचा एक मोठा भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेर, महापालिकेच्या कामात दडलाय.

मग ‘इथेही बांध घालून खंड पाडा’ या सूचनेचं काय? नदीच्या पात्रात मातीचे बांध घातले तर पहिल्याच मोठ्या पुरात ते जातील, आणि जाईपर्यंत वरच्या गावांत पाणी आणखी चढवतील. भरतपूर हे नदीचं पात्र नाही. तिथे पाणी आणून सोडतात, म्हणून मातीचा बांध टिकतो. इथे पात्राबाहेरच्या एखाद्या सखल तुकड्यात, लहान दरवाजा बसवून, फार तर प्रयोग करता येईल. पण त्या काठावर पाणी ओसरल्यावर गाळपेर होते, म्हणजे उघड्या गाळात पीक घेतलं जातं. तेव्हा तो प्रयोग अभियंत्याच्या आधी शेतकऱ्याशी बोलून सुरू करावा लागेल.

सहलीला निघताना एवढं करा. भरतपूरचं तिकीट काढण्याआधी विचारा, यंदा उद्यानात पाणी किती आलं. नांदूरमध्यमेश्वरला निघण्याआधी निफाडकडचा कुणी शेतकरी ओळखीचा असेल, तर त्याला फोन लावा आणि विचारा, “काका, आवर्तन सुटलं का?” सुटलं म्हणाले तर दुर्बिणीबरोबर गुडघ्यापर्यंतचे बूटही घ्या.