चेटूक आणि चेटकीण : ग्रंथांतील चित्रण (गोमंतक)

चेटूक आणि चेटकीण : मंत्र, औषधी, उतारा किंवा वश केलेले भूत यांच्या साहाय्याने दुसऱ्याचे बरेवाईट घडवून आणण्याची विद्या ते चेटूक आणि ती जाणणारी स्त्री ती चेटकीण, असा अर्थ मराठीत रूढ आहे. गोमंतकापुरता या विषयाचा विचार करताना दोन ग्रंथपरंपरा समोर ठेवाव्या लागतात. पहिली संस्कृत-मराठी कथावाङ्मयाची, दुसरी पोर्तुगीज अमदानीतील प्रवासवर्णनांची आणि धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) कागदपत्रांची. पहिलीतील चेटकीण कल्पित असली तरी तिला नाव, घर आणि पूर्वकथा असते. दुसरीतील बाई प्रत्यक्षात होऊन गेलेली असते, पण तिची हकीकत बहुधा तिच्यावर आरोप करणाऱ्यांनीच लिहिलेली असते.

मानवशास्त्रात, विशेषतः इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या आफ्रिकेतील आझांदे जमातीवरील ग्रंथापासून (१९३७), अंगभूत घातक शक्ती आणि शिकून घेतलेली घातक विद्या असा भेद केला जातो. आपल्याकडील कथांतील चेटूक प्रायः दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याला गुरू लागतो आणि दीक्षाही लागते. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या नाटकातील (सु. आठवे शतक) कपालकुंडला श्रीपर्वताहून आकाशमार्गे येते, ती अघोरघंट या कापालिकाची (कवटी धारण करणाऱ्या शैव साधकाची) शिष्या आहे, आणि गुरूच्या वधानंतर सूड म्हणून ती मालतीचे हरण करते. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) लावाणक या लंबकात (विभागात) कुवलयावली ही राणी आपण डाकिनीविद्या कशी शिकलो ते राजाला सांगते. तिची गुरू कालरात्री ही एका उपाध्यायाची पत्नी. सुंदरक नावाच्या शिष्याने तिची इच्छा धुडकावल्यावर ती त्याच्यावर खोटा आळ घेते. मार खाऊन बाहेर पडलेला सुंदरक ओस पडलेल्या गोठ्यात लपतो, तर रात्री कालरात्री सख्यांसह तेथेच येऊन गोठ्यासकट उज्जयिनीला उडते. युरोपीय चेटकिणीचा झाडू जगभर माहीत झाला. गोठा उडवणारी ही बाई मात्र अभ्यासकांपुरतीच राहिली. सुंदरक तो मंत्र नुसता ऐकून पाठ करतो आणि पुढे स्वतः वापरतो, म्हणजे विद्या चोरताही येते, हे या कथेतील विशेष लक्षणीय होय.

मराठीत ही परंपरा नाथकथांच्या द्वारे घरोघरी पोहोचली. धुंडीसुत मालू याच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (१८१९) शाबरी विद्या (नाथपंथीयांची मंत्रविद्या), अस्त्रे, वेताळाशी संग्राम आणि मच्छिंद्रनाथांचे स्त्रीराज्यातील वास्तव्य ही प्रकरणे आहेत. पोथीतील वेताळ भुतांचा अधिपती आहे. गोव्यात प्रियोळ, आमोणे, लोलये आदी गावांत तोच बेताळ या नावाने ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. त्यामुळे भूतविद्या म्हणजे सरसकट अघोरी विद्या, हे समीकरण येथील वाचकाला पूर्णपणे लागू पडत नाही.

पोर्तुगीज अमदानीतील ग्रंथांत चेटकाचा विषय प्रथम वनस्पतिशास्त्राच्या अंगाने येतो. गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या औषधीविषयक संवादांत धोतऱ्याची चर्चा केली असून, दासीने मालकिणीला धोतरा चारून दागिने लांबवल्याचे प्रकरण दिले आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच लेखकाने आपल्या ग्रंथात (१५९६) याच वनस्पतीविषयी अधिक रंगवून लिहिले : येथील स्त्रिया नवऱ्याला धोतरा देतात, तो भान हरपून हसत किंवा झोपून राहतो, त्याच्या डोळ्यांदेखत काहीही घडले तरी त्याला नंतर आठवत नाही, आणि पायांवर थंड पाणी घातले की तो शुद्धीवर येतो. थोड्याच वर्षांनी येऊन गेलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशानेही असाच मजकूर दिला आहे. धोतऱ्यातील हायोसायमीन, ॲट्रोपीन आणि स्कोपोलॅमीन या अल्कलॉइडांमुळे बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो आणि स्मृती पुसली जाते. तेव्हा वर्णनाचा हा भाग वैद्यकाला धरून आहे. थंड पाण्याच्या उताऱ्याला मात्र तसा आधार नाही. शिवाय प्रवासी एकमेकांचे मजकूर सर्रास उचलत असल्यामुळे घरोघरच्या बायका नवऱ्यांना गुंगवत होत्या, असा निष्कर्ष त्यावरून काढणे धाडसाचे ठरेल. परक्या पुरुषांत फिरणाऱ्या वदंतेची ही नोंद मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

धर्मन्यायालयाची स्थापना गोव्यात १५६० मध्ये झाली आणि १७७४ ते १७७८ मधील खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी गुप्तपणे पूर्वधर्म पाळणे हा त्याच्यापुढील मुख्य अपराध असला, तरी चेटूक, भविष्यकथन आणि सैतानाशी करार हेही त्याच्या अधिकारात येत. शार्ल डेलाँ या फ्रेंच वैद्याने तेथील तुरुंगवासानंतर लिहिलेल्या वृत्तांतात (१६८७) जानेवारी १६७६ मधील शिक्षासमारंभाचे वर्णन आहे. चेटकाच्या आरोपाखालील कैद्यांना भुते आणि ज्वाळा रंगवलेल्या निमुळत्या कागदी टोप्या घातल्या होत्या, असे तो सांगतो. जाळण्यासाठी नेलेले एक पुरुष आणि एक स्त्री हे दोघे देशी ख्रिस्ती चेटकाचे आरोपी होते, परंतु त्यांना दोषी ठरवणारे जितके चेटके तितकेच तेही होते, असा शेरा त्याने मारला आहे. डेलाँ स्वतः शिक्षा भोगलेला असल्याने त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी कॅथलिक लेखकांनी शंका घेतली. गोमंतकीय संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी मात्र १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याच्यावर बराच भर दिला, आणि पोषाख, मिरवणूक, कोठडी अशा प्रत्यक्ष पाहिलेल्या बाबींपुरता तो भर योग्यच आहे.

मूळ खटल्यांचे कागद बहुतांशी नष्ट झाले. जुआंव देल्गादु फिगैरा या अधिकाऱ्याने १६२३ मध्ये केलेली ३,८०० खटल्यांची वर्णानुक्रम सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सूचीतून आरोप कळतो, आरोपीचे म्हणणे क्वचितच. याच उणिवेमुळे या कागदपत्रांतील चेटूक म्हणजे नेमके काय, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार युरोपातील सैतानकल्पना स्थानिक आचारांवर लादली गेली. आरोपांची भाषा या मताला पुष्टी देते, कारण १४८६ च्या सुमारास क्रामर याने लिहिलेल्या ‘मालेउस मालेफिकारुम’ (चेटकिणींचा हातोडा) या ग्रंथाच्या काळापासून सैतानाशी करार हा चेटकाचा गाभा मानला गेला होता. दुसऱ्या मतानुसार आजारपण, चोरी, वांझपण अशा अडचणींत लोक धर्मभेद न पाहता जाणत्याकडे जात आणि कागदपत्रांत उमटली आहे ती हीच रूढी. खुद्द पोर्तुगालमध्ये मध्य युरोपासारखी चेटकिणींची मोठी हत्यासत्रे झाली नाहीत. इतिहासकार जुझे पेद्रु पाइव्हा यांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्या देशाला ‘चेटकीण-शिकार न झालेला देश’ म्हटले आहे. तेथील न्यायाधीश रात्रीच्या सैतानी मेळाव्यांच्या गोष्टींवर फारसे विसंबत नसत, हे ध्यानात घेता गोव्याच्या बाबतीत दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र तुळस लावणे, लग्नात हळद वापरणे यांसारख्या निरुपद्रवी चालींवरही १७३६ च्या जाहीरनाम्याने बंदी घातली होती. अशा वातावरणात मूर्तिपूजेचा आरोप कोठे संपे आणि चेटकाचा कोठे सुरू होई, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे पाहावे लागते.

लोकाचाराच्या नोंदी त्या मानाने उशिरा झाल्या. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या प्रश्नावलीला मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरे एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकविद्येवरील पुस्तकात (१९१५) संपादित केली. पोर्तुगीज गोवा या इलाख्याबाहेर असल्याने अभ्यासकांना शेजारच्या तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या माहितीवर भिस्त ठेवावी लागते. घाडी, अवसर (अंगात येणे), कौल, करणी, मूठ, दिष्ट (दृष्ट), देवचार (गावाची राखण करणारे भूत) ही परिभाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना बरीचशी समान असल्याने हे फारसे गैर नाही. घाडी हा चेटक्या नव्हे. बाधा ओळखून उतारा सांगणारा तो गावचा मानकरी असतो, हा भेद परकीय लेखकांनी अनेकदा गाळला. उतारा तिठ्यावरच का ठेवतात, याचा माग दा. ध. कोसंबी या गोमंतकीय विद्वानाने तिठ्यावरील मातृदेवतांवरच्या निबंधात घेतला. ‘मृच्छकटिका’त चारुदत्त चव्हाट्यावर मातृकांना बळी अर्पण करण्यास सांगतो, तेथून त्यांचे विवेचन सुरू होते.

आधुनिक मराठी ललित साहित्यात चेटकीण मुख्यत्वे रंगभूमीवर दिसते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील तिघी चेटकिणी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’द्वारे (१९५४) मराठीत आल्या, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारून लोकप्रिय केली. गोव्याच्या सीमेलगतच्या वेंगुर्ले परिसरातील चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबऱ्यांत उघड चेटूक कमी असून कौल, साक्षात्कार आणि गावाचा संशय यांचे दडपण अधिक आहे. ‘चानी’तील मुलीला गाव वाळीत टाकते ते तिने काही केले म्हणून नव्हे, तर तिच्या जन्मामुळे आणि वेगळ्या रूपामुळे.