लाळ-चाचणी (मुखकर्करोग)

लाळेतील रेणू तपासून मुखकर्करोगाचा लवकर सुगावा घेण्याची पद्धत. लाळ सुमारे ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात प्रथिने, गळालेल्या पेशी, जंतू व न्यूक्लिइक अम्लांचे (डीएनए व आरएनए) तुकडे असतात. तोंडातील गाठ सतत लाळेत भिजत असल्याने तिचे रेणू तेथे सापडावेत, हे यामागचे गृहीतक.

पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. बॉइल व सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९४ मध्ये रुग्णांच्या लाळेत पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तने (बदल) दाखवली; रुग्णसंख्या मात्र अगदीच थोडी होती. अनेक लेखक २००४ पासून गणना करतात. त्या वर्षी लॉस अँजेलिस येथील डेव्हिड वाँग यांच्या गटाने ३२ रुग्ण व ३२ निरोगी व्यक्तींच्या लाळेतील सात संदेशवाहक आरएनए (जनुकाचा संदेश प्रथिन बनवण्यासाठी नेणारे रेणू) तपासले आणि त्यांच्या एकत्रित वापराने संवेदनशीलता (रुग्ण अचूक ओळखणे) व विशिष्टता (निरोगी अचूक ओळखणे) दोन्ही ९१ टक्के असल्याचे मांडले. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने हरकत घेतली : लाळेतील विकरे (एन्झाइम) आरएनए झपाट्याने तोडतात, त्यामुळे मिळालेला संकेत डीएनएच्या भेसळीचा असावा. वाँग यांच्या गटाने हे अमान्य केले. पुढे प्रथिने आणि तुलनेने टिकाऊ मायक्रोआरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारे आखूड आरएनए) यांकडे संशोधन वळले. २००९ मध्ये एमआयआर-१२५ए व एमआयआर-२००ए हे मायक्रोआरएनए रुग्णांच्या लाळेत कमी आढळले. हा मार्ग अधिक भरवशाचा दिसतो.

खानदेशासारख्या प्रदेशात अडचण वेगळी आहे. सात आरएनएंपैकी एक इंटरल्यूकिन-८ या दाहाशी निगडित प्रथिनाचा आहे आणि हे प्रथिन हिरड्यांच्या साध्या दाहातही वाढते. तंबाखू-चुना, मिश्री, सुपारी आणि राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा यांनी चिडलेल्या तोंडात दाह नेहमीचाच. तुलनेसाठी निर्व्यसनी माणसे घेतली, की चाचणी आहे त्यापेक्षा हुशार ठरते. सुपारीमुळे होणाऱ्या मुखतंतुमयतेचे (तोंडाचे आतील अस्तर कडक होऊन तोंड कमी उघडणे; वर्णन : श्वार्ट्झ, १९५२, पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत; जोशी, १९५३, मुंबई) रुग्णही तुलनेच्या गटात हवेत. या विकारात तिखट सोसत नाही. खानदेशी जेवणात ही तक्रार लवकर उमगायला हवी.

नमुन्यापूर्वी तासभर खाणे, चूळ भरणे, तंबाखू वर्ज्य. ओघळू दिलेली लाळ बर्फावर ठेवून अपकेंद्रित्रात (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवतात व उणे ८० अंश सेल्सियसला साठवतात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नमुना धुळ्याला पोचेपर्यंत तो थंड राखणे सोपे नाही.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींचे तोंड डोळ्यांनीच तपासतात. केरळमधील अभ्यासात (२००५) अशा तपासणीने तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांतील मृत्यू घटल्याचे दिसले. लाळ-चाचणीला तेवढा पुरावा नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा लाल-पांढरा चट्टा असल्यास, लाळेचा निष्कर्ष काहीही येवो, निदान बायोप्सीनेच (ऊतीचा तुकडा काढून तपासून) करतात.