घाटचढाईतील पायांचा थकवा (सायकलिंग)

घाटचढाईतील पायांचा थकवा : सायकलवरून लांब किंवा तीव्र चढ चढताना मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांच्या स्नायूंची जोर लावण्याची क्षमता तात्पुरती घटणे. मांड्या पेटणे, पाय एकदम रिकामे होणे, पोटरीत गोळा येणे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हणे या चारही तक्रारी ‘पाय गेले’ या एका वाक्यात सांगितल्या जातात. त्यांची कारणे मात्र निरनिराळी असतात, त्यामुळे एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडतोच असे नाही. घाटात नवखा सायकलस्वार सायकलवरून खाली उतरतो तो बहुतेक वेळा ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर गिअर जड असल्यामुळे किंवा पायथ्याशी वेग जास्त ठेवल्यामुळे.

चढ पायांकडून काय मागतो

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी शक्ती हवा कापण्यात जाते. चढावर वेग घटतो, हवेचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा गुरुत्वाकर्षण घेते. सायकल, सामान आणि स्वार मिळून ८० किलो वजन धरले, तर सपाटीवर ताशी २० किमी वेगाला साधारण ७५ वॅट पुरतात. पाच टक्के चढावर ताशी १० किमी वेगाला सुमारे १२५ ते १३० वॅट आणि आठ टक्के चढावर त्याच वेगाला १९० वॅटच्या आसपास शक्ती लागते. पाच टक्के चढ म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची.

आकड्यांपेक्षा जाणवणारा फरक वेगळाच असतो. सपाटीवर पायडल क्षणभर थांबवले तरी सायकल पुढे जात राहते, पायांना उसंत मिळते. आठ टक्क्यांच्या चढावर दोन-तीन सेकंद पाय थांबले की सायकल उभी राहते. शिवाय मंद वेगामुळे अंगाला वारा लागत नाही, घाम सुकत नाही आणि शरीर तापते. तापलेले स्नायू ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) लवकर खर्च करतात. कोकणाच्या बाजूने चढणाऱ्या घाटांत दमट हवेमुळे हा त्रास आणखी वाढतो. पहाटे निघण्याची सायकलस्वारांची रीत रहदारी टाळण्यासाठी असते, तशीच ती या कारणासाठीही रास्त आहे.

स्नायूंच्या आत

‘लॅक्टिक आम्ल साठते म्हणून पाय जळतात’ हे स्पष्टीकरण अजूनही जिमपासून शाळेच्या मैदानापर्यंत सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी बेडकाच्या स्नायूंवर झालेल्या प्रयोगांत आहे. स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील कामासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर लॅक्टेट (शरीरात हे आम्ल ज्या रूपात असते ते) आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते कायमचेच. १९८० च्या दशकात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी वेगळे चित्र मांडले : लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट रक्तातून हृदयाकडे आणि दुसऱ्या स्नायूंकडे जाते व तिथे वापरले जाते. व्यायाम थांबवल्यावर तासाभरात त्याची रक्तातील पातळी पूर्ववत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडणे तर अगदीच चुकीचे आहे.

आजच्या समजुतीनुसार जोरदार चढाईत स्नायूपेशीतील ऊर्जासाठा झपाट्याने वापरला जातो, तेव्हा फॉस्फेट साचते, हायड्रोजन आयन वाढतात, पोटॅशियम पेशीबाहेर जाते आणि आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम पुरेसे मोकळे होत नाही. या सगळ्यांचा मिळून परिणाम म्हणजे मांड्या पेटणे. ही अवस्था काही मिनिटांच्या हलक्या पायडलने किंवा विश्रांतीने बरीच ओसरते.

पाय ‘रिकामे’ होणे ही गोष्ट निराळी. प्रौढ माणसाच्या स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असते. दीड-दोन तास जोरात सायकल चालवल्यावर हा साठा आटत जातो. मग पाय जळत नाहीत, ते फक्त ऐकेनासे होतात. डोके जड होते, चिडचिड होते. इथे पाच मिनिटे बसून काही साधत नाही, खावेच लागते.

स्नायूंत मंद आणि जलद असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू चिवट असतात, जलद तंतू जोरकस पण लवकर थकणारे. शरीर आधी मंद तंतू कामाला लावते आणि प्रत्येक रेट्याला लागणारा जोर वाढला की जलद तंतूंना बोलावते. एकच चढ एकाच वेगाने चढणाऱ्या दोघांपैकी एक ताजातवाना आणि दुसरा गलितगात्र का दिसतो, याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते, आणि तिथून ते थेट गिअरपाशी येते.

गिअर आणि पायडलचा ठेका

जुन्या काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलची एक फेरी झाली की ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. ताशी ८ किमी वेगाने घाट चढायचा तर तिचे पायडल मिनिटाला जेमतेम २५ वेळा फिरते आणि प्रत्येक वेळी अंगाचा सगळा भार टाकावा लागतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असलेली गिअरची सायकल एका फेरीत सव्वादोन मीटर जाते. तोच वेग राखायला तिचे पायडल मिनिटाला ६० वेळा फिरते. काम तेवढेच, पण प्रत्येक रेट्याचा जोर अडीचपटीने कमी. पहिल्या सायकलवर जलद तंतू पहिल्या वळणापासूनच जुंपले जातात. दूधवाले आणि फेरीवाले घाटात सायकल हाताने ढकलत नेत असत, त्यात कमीपणा काही नव्हता. तो हिशेब अगदी बरोबर होता.

स्पर्धांच्या जगात मात्र हे शहाणपण उशिरा आले. टूर द फ्रान्स शर्यत १९१० मध्ये पिरेनीज पर्वतात शिरली तेव्हा स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे बसवत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचे चक्र असे. फ्रान्समधल्या सेंत-एत्येनचा पॉल द विवी बदलत्या गिअरचा पुरस्कार करत होता, परंतु शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरायची मुभा मिळाली ती १९३७ मध्ये.

चढावर मिनिटाला ६० ते ८० फेऱ्यांचा ठेका बहुतेकांना मानवतो. फार भरभर पाय फिरवले तर स्नायूंवरचा ताण कमी होऊन तो हृदय आणि फुप्फुसांवर जातो, म्हणून नेमका आकडा ज्याचा त्याने ठरवावा. गिअर हलका करायचा तो चढ सुरू होण्याआधी. पूर्ण भारात चेन बदलायला गेले की ती कडकडते, कधी निसटते, आणि चढावर पुन्हा सुरुवात करणे हा वेगळाच व्यायाम होतो. नवी सायकल घेताना फ्रेमच्या वजनाची चौकशी सगळे करतात, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दाते आहेत हे फार थोडे विचारतात. सह्याद्रीत राहणाऱ्याने उलटे करावे.

पायथ्याशी आवर

प्रत्येकाची एक शक्तिमर्यादा असते. तिच्या खाली राहिले तर बराच वेळ चालवता येते, वर गेले की एक ठरावीक राखीव साठा संपू लागतो. मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या कल्पनेचा उपयोग आज अनेक प्रशिक्षक करतात. समजा एखाद्याची मर्यादा १९० वॅट आणि राखीव साठा २० किलोज्यूल आहे. आठ टक्के चढावर तो ताशी १० किमी वेगाने गेला तर मर्यादेवरच राहतो. सोबत्याच्या नादाने ताशी १२ किमी वेग धरला तर शक्ती २३५ वॅटच्या आसपास जाते आणि साठा साडेसात मिनिटांत संपतो. मग तो १० च्या वेगालाही टिकत नाही. साठा पुन्हा भरतो, पण मर्यादेच्या बराच खाली चालवल्यावर.

सह्याद्रीतल्या घाटांत हा हिशेब ठळकपणे दिसतो. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर, लोणावळा ६२० मीटरच्या आसपास, आणि यातली बहुतेक उंची बोरघाटाच्या थोड्या किलोमीटरांत गाठावी लागते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत या टप्प्यासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब असतो. एरवी हौशी स्वार शिंग्रोबाच्या मंदिरापाशी थांबतात. त्या थांब्याने मांड्यांची आग शमते, ग्लायकोजेन मात्र परत येत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठणे वेगळ्या जातीचे आहे. सुमारे ४० किमी अंतर आणि १,३०० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे तीव्रता बेताची पण संपता न संपणारी; तिथे खिशातले खाणे निर्णायक ठरते. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर याच्या उलट, मधले तीव्र टप्पे राखीव साठ्याची परीक्षा पाहतात. पुण्याचे स्वार बोपदेव आणि कात्रजवर सराव करून मग सिंहगडाकडे वळतात, हा क्रम समंजस आहे.

बैठक

आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्यामुळे गुडघा सतत वाकलेला राहतो, नितंबांचे मोठे स्नायू पुरेसे वापरले जात नाहीत आणि सगळा बोजा मांडीच्या पुढच्या भागावर व गुडघ्याच्या वाटीवर पडतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक असावा. घरगुती पडताळा असा : टाच पायडलवर ठेवून ते तळाशी न्यावे, पाय सरळ झाला पाहिजे, चालवताना पायडलवर चवडा ठेवला की योग्य बाक आपोआप येतो.

चढावर उभे राहून पायडल मारल्याने प्राणवायू थोडा जास्त खर्च होतो, विशेषतः सौम्य चढावर. तरी अधूनमधून अर्धा मिनिट उभे राहणे फायद्याचे असते, कारण भार वेगळ्या स्नायूंवर जातो आणि पाठही मोकळी होते. उभे राहण्यापूर्वी गिअर एक-दोन पायऱ्या जड करावा. पाय वर ओढून ताकद मिळते हा समज फारसा खरा नाही. कसलेले स्वारही मुख्यतः खाली जोर देतात, वर येणारा पाय फक्त आड येऊ देत नाहीत. रस्ताभर नागमोडी चढण्याची युक्ती चढाची तीव्रता खरोखर कमी करते, पण ट्रकच्या घाटात ती करू नये.

खाणे, पाणी, पेटके

तासाभराहून लांब चढाईत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडूही चालतो. भूक लागायची वाट पाहू नये, चढाच्या अर्धा तास आधीपासून थोडे थोडे खावे. वडापावचे स्थान घाटमाथ्यावर आहे. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात आणि चढावर त्यांची आठवण वारंवार होते. कॉफीतील कॅफिन थकव्याची जाणीव खरोखर कमी करते, पण पाय भरतात त्या मूळ कारणावर तो इलाज नव्हे.

पोटरीत गोळा येण्याचे कारण केवळ मीठ कमी पडणे हे नसते. थकलेल्या स्नायूवरील मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडते, हे त्याचे बलवान स्पष्टीकरण मानले जाते. म्हणूनच पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढल्यावर गोळा लगेच सुटतो. मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत घाम भरून काढते, ते घ्यावेच, पण त्याने पेटके टळतील अशी हमी नाही.

सराव आणि उतारा

पायांची मर्यादा वाढते ती नियमित सरावाने : आठवड्यातून एकदा चार-पाच मिनिटांच्या जोरदार चढाया, मध्ये तेवढीच विश्रांती, आणि एक लांब, संथ फेरी. बैठका, पायऱ्या चढणे यांसारख्या ताकदीच्या व्यायामाचा उपयोग होतो. वजन घटले तर चढावर सरळ फायदा मिळतो. ८० किलोच्या एकूण भारात एक किलो कमी झाल्याने त्याच शक्तीत वेळ साधारण सव्वा टक्क्याने वाचतो. हे हजारो रुपये देऊन सायकलचे वजन घटवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सायकलिंगमध्ये स्नायू ताणले जात असताना आकुंचन पावत नाहीत, म्हणून उतारावर धावण्याच्या मानाने दुसऱ्या दिवशीचे दुखणे कमी असते. चढाईनंतर जेवण, पुरेशी प्रथिने आणि झोप यांना पर्याय नाही. मालिशने बरे वाटते. मनाली–लेहसारख्या मार्गावर हिशेब बदलतो. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो आणि पायांआधी प्राणवायूच अपुरा पडतो, त्यामुळे उंचीशी जुळवून घ्यायला काही दिवस द्यावे लागतात.

छातीत दुखणे, चक्कर, एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे किंवा चढाईनंतर लघवी चहासारखी गडद होणे ही साध्या थकव्याची लक्षणे नाहीत. यांपैकी काहीही आढळल्यास सायकल बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.