मूठ सोडली तरी सुटत नाही

हे वाचताना तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकायला नकोत. जबडा निवांत असेल, तर ओठ मिटलेले असतानाही दातांच्या दोन ओळींत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. तरी दिवसभर दात आवळून बसणारे पुष्कळजण आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. संध्याकाळी कानशिलं ठणकायला लागली, की डोकं दुखतंय एवढंच कळतं.

हा पत्ता नसणं एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी अभ्यासाचा विषय केला. आडवा होऊन अगदी स्वस्थ पडलेल्या माणसाच्या स्नायूंतही थोडा ताण शिल्लक राहतो, असं त्यांच्या लक्षात आलं. स्नायूंमधली अतिसूक्ष्म वीज मोजताना त्यांना असंही दिसलं, की हात न हलवता तो वाकवल्याची नुसती कल्पना केली, तरी दंडाच्या स्नायूत विजेची हालचाल होते. स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करण्याची आपली पद्धत त्यांनी १९२९ साली पुस्तकरूपात मांडली.

तिची चव घ्यायला एक हात पुरतो. मूठ आवळा, पण पूर्ण जोर लावू नका. पाच-सात सेकंद तशीच धरा. ताण बोटांपेक्षा कोपराच्या खालच्या भागात जास्त जाणवेल, कारण बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथे आहेत. आता एकदम सोडून द्या. बोटं लगेच उघडतात आणि बहुतेकांना वाटतं, झालं. पण हात मांडीवर तसाच ठेवून अर्धा मिनिट लक्ष द्या. हात आणखी जड होतो, अंगठा किंचित बाहेर कलंडतो, म्हणजे सुटणं अजून चालूच असतं. हा उरलेला ताण ओळखता येणं, हाच सगळा अभ्यास. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. संधिवाताने सांधा सुजला असेल तर तिथे आवळू नये, नुसतं सैल सोडावं.

जुनाट आजारात याचा उपयोग काय? कंबर दुखते म्हणून माणूस आजूबाजूचे स्नायू आवळून ती सांभाळतो. आवळलेले स्नायू थकून स्वतःच दुखू लागतात, झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेनंतर तेवढंच दुखणं जास्त बोचतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही हात असतो. तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदना वाढवतो-घटवतो ही गोष्ट टिकली. म्हणून ‘जरा रिलॅक्स व्हा’ ऐकून रुग्ण चिडतो, तेव्हा मला त्याचंच म्हणणं पटतं. दुखणं मनाचं नसतं, आणि सैल होणं सांगून जमत नाही; ते सायकलसारखं शिकावं लागतं.

श्वासाचं काम वेगळ्या वाटेने चालतं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम श्वास सोडताना हृदयावर अधिक घट्ट बसतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला, की ठोक्यांची ही लय चांगलीच ठळक होते. ‘मोठमोठे श्वास घ्या’ हा सल्ला मात्र मला धोक्याचा वाटतो. भराभर मोठे श्वास घेतले, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. श्वास संथ हवा. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना तर ओठांचा चंबू करून हळू सोडायला शिकवतात. त्यामुळे श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

फायदा सगळ्या आजारांत सारखा नाही. मायग्रेनचे झटके कमी करण्यासाठी स्नायू सैल करण्याचं तंत्र बऱ्याच काळापासून वापरात आहे. आयबीएसवर, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाच्या तक्रारी असलेल्या आतड्यांच्या विकारावर, मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये संमोहनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. गाढ शिथिल अवस्थेत पोटावर लक्ष देण्याची ती उपचारपद्धती आजही चालते. रक्तदाबावरचा परिणाम बेताचाच, त्यावर विसंबून गोळी बंद करायची नाही. दम्याचा झटका आला तर आधी इनहेलर.

काहींना सैल होतानाच धडधडायला लागतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून, एका हातापासूनच सुरुवात करावी. आणि रक्त पाहून ज्यांना भोवळ येते त्यांना तर उलटंच शिकवतात: हातपाय आवळा, म्हणजे रक्तदाब कोसळणार नाही.

सराव दुखत नसताना करायचा. ऐन झटक्यात नवीन काही शिकता येत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आपल्या रुग्णांना घड्याळावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगत. तो दिसला की काही क्षण सैल व्हायचं. माझ्या लॅपटॉपच्या कडेला तसा हिरवा ठिपका आहे. हा लेख लिहिताना त्याच्याकडे चारदा नजर गेली. तीनदा दात आवळलेले होते, चौथ्यांदा खांदे.