अर्थशास्त्राच्या पदवीसाठी ए-लेव्हलला अर्थशास्त्रच हवं?

इंग्लंडमधल्या मराठी घरांत मूल सोळा वर्षांचं झालं की हा सल्ला हमखास मिळतो: पुढे इकॉनॉमिक्स करायचंय ना, मग सिक्स्थ फॉर्मला (शाळेची शेवटची दोन वर्षं, ज्यांच्या अखेरीस ए-लेव्हल परीक्षा होते) इकॉनॉमिक्स घ्यायलाच हवं, आणि जोडीला बिझनेस असेल तर दुधात साखर. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

केंब्रिज आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथल्या अर्थशास्त्राच्या पदवीला ए-लेव्हलचं अर्थशास्त्र सक्तीचं नाही. सक्तीचं आहे ते गणित.

कारण अभ्यासक्रमातच दिसतं. ए-लेव्हल इकॉनॉमिक्सच्या किमान 20 टक्के गुणांना आकडेमोड लागते, बिझनेसमध्ये किमान 10 टक्के. तीही टक्केवारी, निर्देशांक, आलेख वाचणं अशी, म्हणजे साधारण जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेच्या) पातळीची. कॅल्क्युलस त्यात नाही. पदवीच्या पहिल्याच वर्षी मात्र उपयुक्तता (ग्राहकाला मिळणारं समाधान) महत्तम कशी होते, खर्च किमान कसा होतो, हे विकलनाने, म्हणजे कॅल्क्युलसमधल्या डिफरन्सिएशनने, काढावं लागतं. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या तिथे पहिल्यापासून पुन्हा शिकवतात. विकलन येत नसेल तर दमछाक होते.

म्हणून इकॉनॉमिक्स घेऊच नये, असं मुळीच नाही. महागाई, व्याजदर, मक्तेदारी यांवर नेटका निबंध लिहायची सवय तिथेच लागते. बिझनेसचा कल वेगळा: एकाच कंपनीचा रोख प्रवाह, मनुष्यबळ, मार्केटिंग. व्यवस्थापनाकडे जाणाऱ्याला तो आवडेलही. फक्त या दोन विषयांसाठी गणित सोडू नका.