जुलैतली बॅटरी

छपरावर सोलर बसवलं की बोर्डाशी संबंध संपला, असं समजणारे लोक आजकाल पावलोपावली भेटतात. 2024 च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना आल्यापासून तर जास्तच. प्रत्यक्षात या योजनेखाली बसणारं सोलर बहुतेक ठिकाणी ऑन-ग्रिड, म्हणजे बोर्डाच्या लाइनला जोडलेलं असतं. दिवसा जास्तीची वीज लाइनवर जाते आणि रात्री तिथूनच परत येते. लाइन गेली की भर दुपारीही इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तो बंद पडलाच पाहिजे, नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज झटका देईल. थोडक्यात, तिथे ग्रिड हीच तुमची बॅटरी असते.

पण काहींना खरोखरच लाइन नको असते. मुळशी-वेल्ह्याकडे जमीन घेतलेली असते, घर बांधायचं असतं आणि पहिला प्रश्न असतो, ‘पॅनल किती लागतील?’ हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतात. चौघांचं घर, फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर, पंप मिळून पाच युनिट धरा. कागदावर दीड किलोवॉटमध्ये भागलं!

पण सरासरीवर घर चालत नाही. घाटमाथ्यावर जुलैत आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. अशा दिवशी एक किलोवॉटमधून एक युनिट निघालं तरी नशीब. मग तीन दिवसांची बेगमी हवी, म्हणजे पंधरा युनिट. दुकानात मिळणारी 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. ती निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे हाती 0.9. पंधराला भागा. सतरा बॅटऱ्या!

हे ‘निम्म्याखाली नको’ प्रकरण काय आहे, ते मला बॅटरीतलं सगळ्यात सुंदर रसायन वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 साली बनवली आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. वीज काढू लागलं की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं. आम्लातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे पाणी वाढतं. म्हणूनच झाकण उघडून हायड्रोमीटरची रबरी फुगी दाबून सोडली की काचेत वर चढलेल्या द्रवात तो छोटा तरंगक कुठे थांबतो, त्यावर बॅटरीची तब्येत कळते. भरलेली असेल तर द्रवाची घनता पाण्याच्या 1.25 पटीच्या आसपास. उतरलेली असेल तर तरंगक बुडत बुडत 1.15 च्याही खाली जातो.

चार्जिंग म्हणजे याच्या उलट. सल्फेट विरघळून परत शिसं, डायऑक्साइड आणि आम्ल होतं. ताजं सल्फेट अगदी बारीक स्फटिकांचं असल्यामुळे हे सहज घडतं. गडबड होते ती वेळ गेला की. शिशाचं सल्फेट आम्लात अगदी किंचित विरघळतं. पण लहान स्फटिक मोठ्यापेक्षा जास्त विरघळतो, कारण आकारमानाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. लहानातून सुटलेले आयन मोठ्यावर जाऊन बसतात. लहान संपतात, मोठे फुगतात. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डच्या नावानं ओळखली जाणारी हीच क्रिया. पिठीसाखर आणि खडीसाखर पाण्यात टाकून बघा, मग कळेल की मोठे झालेले स्फटिक चार्जिंगला का दाद देत नाहीत. तेवढा प्लेटचा भाग बाद, त्यात अडकलेलं आम्लही बाद. याला सल्फेशन म्हणतात.

म्हणजे बॅटरीला मारतं ते नुसतं वापरणं नाही, तर अर्धवट उतरलेल्या स्थितीत पडून राहणं. गाडीची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, कारण इंजिन चालू झालं की ती लगेच भरली जाते. आडरानातल्या घरातल्या बॅटरीच्या नशिबी जुलै असतो. तासभर उघडीप, जरा चार्जिंग, संध्याकाळी पंखे चालू. त्यात शेवटचा वीस टक्के भाग भरायला 14.4 व्होल्टच्या आसपास तासन् तास धरून ठेवावं लागतं, आणि नेमका तेवढाच वेळ सूर्य मिळत नाही. बॅटरी महिनाभर कधीच पूर्ण भरत नाही. दिवाळीला मालक म्हणतो, बॅटरी बसली, कंपनीनं फसवलं. मग कुणीतरी आत टाकायची जादूची पूड विकतं.

लिथियम लोह-फॉस्फेट बॅटरीत सल्फेट नाही, त्यामुळे हे दुखणंही नाही. अर्धवट भरलेली राहिली तरी ती कुरकुरत नाही, आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत खुशाल वापरता येते. महाग आहे; पण सतरा बॅटऱ्यांचा हिशेब समोर ठेवून किमतीची तुलना करा.

पाण्याचंही दुखणं तेच, फक्त ऋतू उलटा. ढग असतात तेव्हा वीज नाही, ऊन असतं तेव्हा पाणी नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छप्पर आणि पुण्यासारखा सातेकशे मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-उडती वजा जाता पन्नासेक हजार लिटर मिळतील. घाटमाथ्यावर याच्या कितीतरी पट पडतो. पण चौघांना दिवसाला 400 लिटर लागतात, आणि पाऊस नसलेले आठ महिने म्हणजे 96,000 लिटर. ही टाकी वीस फूट लांब, सतरा फूट रुंद, दहा फूट खोल होते. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांजवळ खडकात पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, का खोदल्या, ते या हिशेबातून दिसतं. बोअर मारू म्हणाल, तर आपल्या बेसाल्टमध्ये पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पाणाड्याच्या तळहातावर उभ्या राहणाऱ्या नारळाला त्या भेगा दिसत नाहीत. आधी शेजारच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी बघून या.

पाणी उंच टाकीत चढवून तीच बॅटरी म्हणून वापरता येईल का, असंही विचारतात. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवलं तर साठलेली ऊर्जा 0.027 युनिट, म्हणजे नऊ वॉटचा दिवा तीन तास. तोटी सोडून रात्री फ्रिज चालणार नाही. मात्र पाणी चढवायलाही तशी थोडीच वीज लागते, म्हणून पंप दुपारी बारा ते दोनमध्ये थेट पॅनलवर चालवावा आणि बॅटरीला त्यातून वगळावं. वॉशिंग मशीन आणि गिरणीचंही तेच.